रानभाजीतलं 'रान' नेमकं कुठलं? सोयगावच्या बांधावर आणि डोंगरात आपोआप उगवणाऱ्या अन्नाची गोष्ट

पहिला पाऊस पडला की मोबाईलवर दोन प्रकारचे रील्स सुरू होतात. एक धबधब्यांचे आणि दुसरे रानभाज्यांचे. "ही भाजी दिसली तर सोडू नका", "मटणाला मागे टाकणारी भाजी", "शुगरचा काळ असलेली भाजी" अशा मथळ्यांखाली कुणीतरी हिरवीगार काटेरी करटोली कॅमेऱ्यासमोर धरलेली असते. रानभाजी म्हणजे जंगलात फुकट मिळणारं आणि औषधाचं काम करणारं काहीतरी, असा समज त्यातून होतो.

हा समज अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा समजून घ्यायला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सोयगाव तालुक्यात जावं लागेल.

अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. वर सिल्लोड-कन्नडचं पठार आणि घाट उतरला की सोयगाव. हळदा घाटातून, वेताळवाडीच्या किल्ल्याला वळसा घालत रस्ता खाली येतो. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात आहेत. कागदावर हा भाग मराठवाड्याचा, पण इथलं पाणी तापीकडे वाहतं आणि बोलण्याला खानदेशी वळण आहे. एका बाजूला कापूस आणि मक्याची शेतं, दुसऱ्या बाजूला साग, सालई, धावडा, मोह अशा झाडांचं कोरडं पानझडी जंगल. या दोन्हींच्या मधे राहणाऱ्यांमध्ये भिल्ल आणि तडवी भिल्ल कुटुंबं आहेत, बंजारा तांडे आहेत आणि पिढ्यान् पिढ्या शेती करणारे इतर समाजही.

'रानात गेलाय' म्हणजे कुठे?

मराठवाड्यात किंवा खानदेशात एखाद्याच्या घरी जाऊन विचारलं आणि "तो रानात गेलाय" असं उत्तर मिळालं, तर तो जंगलात गेलेला नसतो. तो शेतात गेलेला असतो. 'रान' या शब्दाचा एक अर्थ जंगल आणि दुसरा अर्थ शेत. रानभाजी या शब्दात हे दोन्ही अर्थ आहेत.

सोयगावसारख्या भागात पावसाळ्यात ताटात येणाऱ्या रानभाज्यांची यादी केली, तर त्यातल्या बऱ्याचशा जंगलातल्या नाहीतच. कुरडू, तरोटा (कोकणात हाच टाकळा), केना, घोळ, चिवळ, पाथरी, कुंजर, तांदुळजा, काटेमाठ. या सगळ्या नांगरलेल्या, माणसाने हलवलेल्या जमिनीवर येतात. पिकाच्या ओळीत, बांधावर, उकिरड्याजवळ, गावठाणात. कृषी विद्यापीठाच्या पुस्तकात यांना एकच नाव आहे, तण.

म्हणजे एकच रोप शेतमालकासाठी तण असतं आणि ते उपटणाऱ्या बाईसाठी भाजी. जुलै-ऑगस्टमध्ये कापसाच्या निंदणीला जाणाऱ्या बायका दिवसभर खुरपं चालवतात आणि त्यातलंच कोवळं कोवळं निवडून ओटीत टाकतात. संध्याकाळी हातात मजुरी आणि ओटीत कालवण. ही भाजी कुणी 'शोधायला' जात नाही, ती कामाच्या ओघात येते. त्यामुळे ती कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. बाजारात विकली गेली तरच तिचा भाव कळतो.

बांधावरच्या भाज्या: कोणती, कधी, कशी

कुरडूला पुढे कोंबड्याच्या तुऱ्यासारखा, पण पांढरट-गुलाबी तुरा येतो. तो यायच्या आतच पाला खुडायचा, नंतर तो जून होतो. कांदा, लसूण, हिरवी मिरची घालून परतली की झाली भाजी. तरोटाही तसाच, पहिल्या पावसानंतरचे जेमतेम दोन-तीन आठवडे त्याचे. रात्री याची पानं मिटतात. रोप वाढलं की उग्र वास येतो आणि मग गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत.

घोळ आणि चिवळ या बहिणी-बहिणी. घोळीची पानं मोठी आणि मांसल, चिवळीची बारीक. दोन्ही किंचित आंबट. घोळ मुगाच्या डाळीत किंवा बेसन पेरून करतात आणि ज्वारीच्या किंवा कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. मासळीत असतात त्या ओमेगा-3 गटातलं एक स्निग्धाम्ल घोळीत इतर पालेभाज्यांच्या तुलनेत बरंच जास्त असतं. जगभरात तिच्यावर संशोधन झालं आहे ते यामुळेच. मात्र घोळ, तांदुळजा, काटेमाठ यांत ऑक्झॅलेटही भरपूर असतं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी या भाज्या रोज खाऊ नयेत.

केन्याची गोष्ट वेगळीच आहे. निळ्या फुलांची ही वेलीसारखी पसरणारी भाजी कितीही उपटा, परत येते. कारण ती जमिनीच्या वर फुलते तशी जमिनीच्या खालीही फुलते. खालच्या फुलांचं बी मातीतच पडून राहतं. निंदणीवाल्या बाईसाठी केना म्हणजे वैताग आणि तिच्याच घरी त्याची भजी.

आणि भाद्रपदात कापसाच्या, ज्वारीच्या शेतात येतात ती शेंदाडं. लिंबापासून मुठीएवढी, पट्ट्यापट्ट्यांची रानटी काकडीवर्गातली ही फळं कुणी पेरत नाही. मागच्या वर्षी खाल्लेल्या फळांचं बी शेतात पडतं आणि वेल आपला आपण उगवतो. कच्चं शेंदाड कडू लागू शकतं, पिकलेलं मात्र वासानेच सापडतं. मराठवाडा-खानदेशातल्या चाळिशीच्या पुढच्या कुणालाही शेंदाडाबद्दल विचारा, पुढचा अर्धा तास तुमचा नाही.

मग या भाज्या कमी का झाल्या?

गावाकडची माणसं म्हणतात, "आता पहिल्यासारखी भाजी राहिली नाही." याचं खापर बहुतेक वेळा जंगलतोडीवर फोडलं जातं. पण ज्या भाज्या शेतातच उगवतात, त्यांच्याबाबतीत पहिलं कारण शेतातच आहे. तणनाशक.

हाताने निंदणी करायची तर मजूर लागतात, मजुरी वाढलेली आहे आणि ऐन हंगामात माणसं मिळत नाहीत. पंपाने औषध मारलं की एका माणसाचं काम. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर हिशेब सरळ आहे. पण त्या एका फवारणीत निंदणीची मजुरीही जाते आणि ओटीतली भाजीही, आणि दोन्ही बहुतेक वेळा एकाच घरातून जातात.

कापूसपट्ट्यात याला आणखी एक पदर आहे. तणनाशक सहन करणाऱ्या जनुकीय कापसाला भारतात परवानगी नाही, तरी असं बियाणं महाराष्ट्रात चोरवाटेने पेरलं जातं. 2019 च्या जूनमध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात ते उघडपणे पेरून आंदोलनच केलं होतं. या कापसावर ग्लायफोसेट हे तणनाशक थेट मारता येतं. पीक उभं राहतं आणि बाकीचं जळतं. ग्लायफोसेटला आपल्याकडे मान्यता आहे ती चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागांपुरती. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच वापरायचं असं बंधन घातलं. म्हणजे नियमाने बघितलं तर कापसाच्या शेतात ते असायलाच नको.

खाणाऱ्याने इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्लायफोसेट मारल्यावर रोप लगेच करपत नाही. पहिले काही दिवस, कधी आठवडाभर, पाला हिरवाच दिसतो. त्यातही केना या औषधाला बऱ्यापैकी दाद देत नाही, बाकीचं तण मेल्यावरही तो टिकून राहतो. त्यामुळे "हिरवीगार आहे म्हणजे चांगली आहे" हा नियम इथे चालत नाही. बांधावर भाजी दिसली तर आधी त्या शेताच्या मालकाला विचारावं की फवारणी झाली आहे का. बाजारात विकणाऱ्या मावशींनाही भाजी कुठल्या रानातली, हे विचारायला हरकत नाही. रोज खुडणाऱ्या बाईला ते माहीत असतं.

डोंगरातल्या भाज्या आणि फळं

आता दुसरं रान. सोयगावच्या मागे उभ्या असलेल्या डोंगरात जे मिळतं त्याचा स्वभाव वेगळा आहे. शेतातलं तण दरवर्षी बियातून नव्याने येतं. डोंगरातलं अन्न बहुतेक जुन्या झाडांवर, वेलींवर आणि कंदांवर अवलंबून असतं. ते एकदा गेलं की लवकर परत येत नाही.

सगळ्यात भाव खाणारी अर्थातच करटोली, कुणी हिला करटुली म्हणतं तर कुणी कंटोली. झुडपांवर, कुंपणावर चढणारा हा वेल उन्हाळ्यात पूर्ण वाळून जातो आणि जमिनीखालचा कंद जिवंत राहतो. पाऊस आला की त्यातून नवा वेल फुटतो. करटोलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. फळ फक्त मादी वेलाला लागतं, पण आसपास नर वेल नसेल तर तेही नाही. परागीभवन रात्री पतंगांमार्फत होतं. म्हणूनच लागवड करणारे साधारण 10 मादी वेलांमागे 1 नर वेल ठेवतात आणि काही जण हाताने परागीभवन करतात. शहरात करटोलीचा भाव चिकनच्या बरोबरीला जातो तो काही उगाच नाही. काटेरी झुडपांतून एकेक फळ काढायचं, तेही हिरवं असतानाच, कारण पिकलं की ते केशरी होऊन फुटतं. पूर्ण हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा.

फळं तोडल्याने वेल मरत नाही. कंद उकरला की मरतो. मागणी वाढली तसे लागवडीसाठी किंवा औषधी म्हणून कंदच उचलण्याचे प्रकार सुरू झाले तर पुढच्या पावसात तिथे काहीच उगवणार नाही.

करटोलीच्याच दिवसांत वाघाटी मिळते. हिचं दुसरं नाव गोविंदफळ. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना वाघाटीची भाजी करायची पद्धत महाराष्ट्रात बऱ्याच घरांत आहे. वाकड्या काट्यांच्या झुडपावरची ही कडू फळं, बिया काढून आणि उकळून पाणी टाकून दिल्याशिवाय खाण्याजोगी होत नाहीत. वर्षातून एकदाच खायची, पण त्या दिवशी बाजारात तिला तोड नसते.

उन्हाळ्याची यादी वेगळी. चैत्र-वैशाखात मोहाची फुलं पहाटे झाडाखाली पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. टेंभुर्णीची पिवळी फळं मुलं खातात आणि त्याच झाडाचं पान तेंदूपत्ता म्हणून विडीसाठी जातं. चारोळी आपण श्रीखंडावर टाकतो, ती ज्या बीतून निघते त्याचं टणक कवच फोडायचं काम जिकिरीचं आहे. पूर्ण पिकायच्या आधीच फांद्या तोडून फळं काढली जातात म्हणून अनेक जंगलांत चारोळीची नवी रोपं कमी झाली आहेत. बिब्ब्याच्या बीतून गोडंबी काढणाऱ्यांच्या हातांवर तर बिब्ब्याच्या तेलाने फोड येतात. लाडवातल्या गोडंबीच्या भावात ते फोड धरलेले नसतात.

सीताफळ हे या डोंगराचं सगळ्यात ओळखीचं फळ, पण ते मूळचं इथलं मानलं जात नाही. ते अमेरिका खंडातून पोर्तुगिजांबरोबर आलं असं बहुतेक अभ्यासक धरतात. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना मात्र भारहुतच्या प्राचीन शिल्पांत सीताफळ दिसलं होतं आणि त्यावरून बराच वाद झाला. काही असो, शेळ्या सीताफळाचा पाला खात नाहीत, त्यामुळे उघड्याबोडक्या उतारांवरही ते टिकून राहिलं.

सणांनी जपलेली आठवण

वाघाटीसारखेच आणखी दोन प्रसंग आहेत. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा नियम असतो. नांगर न लागलेल्या जमिनीतल्या भाज्या एकत्र करून 'ऋषीची भाजी' करतात. कोकणात त्याबरोबर आपोआप उगवणारा देवभात शोधतात. आणि मराठवाड्यात महालक्ष्म्यांच्या, म्हणजे ज्येष्ठा गौरींच्या जेवणाला सोळा भाज्या लागतात. त्या सोळा भरायच्या तर कुणीतरी बांधावर जावंच लागायचं. आता बाजारात सोळा भाज्यांची एकत्र जुडी मिळते.

सरकारी पातळीवरचा प्रसंग 9 ऑगस्टचा. संयुक्त राष्ट्रांनी 1994 मध्ये हा दिवस जागतिक आदिवासी दिन म्हणून जाहीर केला. 2020 पासून महाराष्ट्राचा कृषी विभाग या दिवसाच्या आसपास जिल्ह्या-तालुक्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. महिला बचत गट टोपल्या मांडतात, पाककृती दाखवतात, शहरातले लोक येऊन विकत घेतात. उपक्रम चांगला आहे, पण तो एका आठवड्याचा आहे. फवारणीचा प्रश्न या महोत्सवात क्वचितच निघतो, आणि निघायला हवा, कारण दोन्ही विषय एकाच खात्याकडे आहेत.

डोंगरातून भाजी आणणं कायदेशीर आहे का?

सोयगावपुरतं बघितलं तर याचं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे.

वनहक्क कायदा 2006 नुसार, जंगलावर अवलंबून असलेल्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. कंदमुळं, मध, तेंदूपत्ता, औषधी वनस्पती हे सगळं त्यात येतं. 2012 मध्ये नियम बदलले आणि वाहतूक परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं. हे हक्क अभयारण्यातही लागू होतात. एरवी अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. याच डोंगररांगेत कन्नड-चाळीसगाव बाजूला गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, 1986 मध्ये जाहीर झालेलं. (हा औट्रम म्हणजे 1825 मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा जेम्स औट्रम.) ट्रेकला गेलेल्या पर्यटकाने तिथून पिशवी भरून आणणं आणि तिथल्या गावकऱ्याने आणणं, कायद्यापुढे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण हक्क आपोआप मिळत नाही. ग्रामसभेने दावा करावा लागतो, तो उपविभागीय आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. अनुसूचित जमातींनी 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून तिथे राहत असल्याचं दाखवावं लागतं. इतरांनी त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. बंजारा समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत नाही. त्यामुळे एकाच डोंगरात करटोली तोडणाऱ्या भिल्ल वस्तीला आणि बंजारा तांड्याला पुरावे मात्र वेगवेगळे लागतात.

दुसरं म्हणजे पेसा. 1996 चा हा कायदा ग्रामसभेला गौण वनोपजाची थेट मालकी देतो, पण तो फक्त पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात लागू होतो. महाराष्ट्रात असं क्षेत्र 13 जिल्ह्यांत आहे. शेजारच्या जळगावातल्या यावल, रावेर, चोपडा तालुक्यांतली गावं त्यात येतात. छत्रपती संभाजीनगर जिल्हा त्यात नाही. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी पाड्याला पेसाचा आधार आहे आणि अजिंठ्याच्या पायथ्याच्या तडवी वस्तीला नाही. सोयगावसाठी वनहक्क कायद्याखालचा सामूहिक दावा हाच मुख्य रस्ता उरतो.

रील बघून भाजी तोडू नका, हे का सांगतात?

कारण चुकीची किंमत मोठी असू शकते. दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

तरोट्यासारखाच दिसणारा कासविंदा त्याच बांधावर येतो, पिवळी फुलं तशीच. तरोट्याच्या पानात सहसा तीन जोड्या पत्रकं असतात आणि त्यांची टोकं गोलसर. कासविंद्यात जोड्या जास्त आणि टोकं अणकुचीदार. कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांचे मृत्यू होत होते, हे 2007 च्या सुमारास डॉक्टरांच्या अभ्यासातून समोर आलं. त्याआधी अनेक वर्षं तो मेंदूज्वर समजला जात होता.

दुसरी कळलावी. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी सुंदर फुलं, पानाच्या टोकाला वेटोळं. फूल असताना ती चुकून कुणी खाणार नाही. पण फुलं नसताना तिचा कंद उकरला तर तो खाण्याच्या कंदासारखा वाटू शकतो. त्यात कोल्चिसिन असतं आणि थोडं पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो. खाण्याचे कंदही सगळे सरळ नसतात. कडूकंद चिरून, राखेच्या पाण्यात उकळून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय आदिवासी घरांत कुणी खात नाही. व्हिडिओत ही रात्र कापलेली असते.

फोटो काढून नाव सांगणारी ॲप्स रोपाच्या कुळापर्यंत नेतात, पण कासविंदा आणि तरोटा हे एकाच कुळातले आहेत. आणि "शुगरचा काळ" वगैरे दाव्यांबद्दल एवढंच की करटोली ही चांगली भाजी आहे, ती गोळ्यांची जागा घेत नाही.

ही माहिती लिहून कुठे ठेवायची?

जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. कोणती भाजी कुठल्या नाल्याकाठी येते, स्थानिक नाव काय, कधी तोडायची, कंद उकरायचा की नाही, हे सगळं त्या नोंदवहीत लिहिता येतं. अनेक गावांत ही नोंदवही बाहेरच्या संस्थेने एकदाच भरून कपाटात ठेवलेली असते. तुमचं गाव सोयगाव तालुक्यात असो वा आणखी कुठे, ग्रामपंचायतीत ती बघायला मागता येते. त्यात रानभाज्यांचं पान आहे का आणि ते भरताना निंदणीला जाणाऱ्या बायकांना विचारलं होतं का, एवढे दोन प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारता येतील.